गुडघ्याचं दुखणं

४ फेब्रुवारी

बाबांना,

वर आधी 'तीर्थरूप' लिहिलं आणि खोडलं. अकरा वर्षं एका ओळीचं पत्र नाही आणि एकदम तीर्थरूप, ते तुम्हालाही खोटं वाटलं असतं. म्हणून नुसतं बाबांना.

काम छोटं आहे. माझा शाळा सोडल्याचा दाखला आईच्या पत्र्याच्या पेटीत असावा. तळाशी, तिच्या शिवणाच्या कापडांखाली, खाकी पाकिटात. सापडला तर खालच्या पत्त्यावर पाठवा. तुमचा पत्ता आत्याकडून घेतला. ती म्हणाली, पत्र कशाला, फोन कर की. फोन नको.

इकडे सगळं ठीक आहे. मी त्याच चष्म्याच्या लॅबमध्ये आहे, चौदा वर्षं झाली. आता वरची जागा देतायत, त्यासाठी कागदपत्रं मागितली आहेत. नवरा बस चालवतो, त्याची सकाळची पाळी असते. मुलगी नऊ वर्षांची आहे, अभ्यासात बरी आहे.

आज सुट्टी होती म्हणून लिहायला बसले. उत्तर लिहायची गरज नाही. दाखला आला की मी समजेन.

तुमची मुलगी


२० फेब्रुवारी

बाबा,

दाखला मिळाला. आभारी आहे.

पाकिटात पोस्टकार्ड होतं, तेही मिळालं. एवढ्या कोऱ्या कार्डावर एकच ओळ: "किती वाजता उठतेस?"

अकरा वर्षांनी बापानं मुलीला विचारायचा हा प्रश्न आहे का? नात कोणासारखी दिसते, जावई कसा आहे, मी जाड झाले की बारीक, विचारायला काय कमी होतं? साडेसहाला उठते. नवऱ्याचा डबा, मुलीची वेणी, मग माझं आवरून बस. नोकरी करणारी बाई उठते तेव्हाच उठते. झालं समाधान?

कार्ड तीन दिवस फ्रीजवर पडून होतं. नवऱ्यानं वाचलं आणि काही बोलला नाही. तो काही बोलत नाही तेव्हा त्याला पटलेलं असतं, म्हणून जास्त राग आला.

आता परत लिहू नका.


९ मार्च

बाबा,

साडेसहा खोटं आहे. अकरा. कधी कधी बारा. नवऱ्याचा डबा तो स्वतः भरतो. मुलगी स्वतःची वेणी स्वतः घालते, एक वर आणि एक खाली, आणि तशीच शाळेत जाते.

आत्याला विचारलं, बाबांनी ओळखलं कसं? ती म्हणाली, "तुझा बाप पत्र घेऊन कॅलेंडरपाशी गेला. म्हणाला, चार तारखेला मंगळवार होता, मंगळवारची कसली सुट्टी? आणि जिथे चौदा वर्षं काम केलं तिथे कोण शाळेचा दाखला मागतं?" उभा जन्म टाइपरायटर दुरुस्त केलेत तुम्ही, कुठला खिळा अडकलाय ते तुम्हाला न उघडता कळतं हे मी विसरले. दाखला मला लागतच नव्हता. ताकाला जाऊन भांडं लपवलं.

तर ऐका. नोकरी सप्टेंबरात गेली. भिंगाची कड घासून ते फ्रेममध्ये बसवायचं हे माझं काम. माणसाच्या बाहुलीच्या बरोब्बर समोर भिंगाचा मध्य यावा लागतो, केसभर सरकला तरी डोकं दुखतं. नवीन मशीन फ्रेमचा आकार स्वतः मोजतं आणि काच स्वतः कापतं. त्याचं खोकं आलं तेव्हा ते आम्हीच उघडलं. पट्ट्या मी कापल्या, कात्री माझीच होती. महिन्याभरानं आम्हा सहाजणींना एकेक करून आत बोलावलं. निरोप देताना साहेब म्हणाले, प्रत्येकीनं आवडेल ती एक फ्रेम निवडा, आमच्यातर्फे भेट. मी निवडली. मला चष्मा नाही.

पहिले दोन महिने मी घोड्यावर होते. अकरा ठिकाणी अर्ज केले, चार ठिकाणी स्वतः गेले. सगळीकडे माझा अनुभव दांडगा होता आणि सगळीकडे तो नको होता. डिसेंबरात कधीतरी मी दात घासायला उभी राहिले आणि ब्रशवर पेस्ट लावल्यावर पुढचं काही करावंसंच वाटेना. ब्रश तसाच ठेवला आणि परत जाऊन पडले. म्हटलं, आज थकवा आहे. तो आज अजून संपलेला नाही. झोप येत नाही, पण अंथरूणही सोडवत नाही. येणारी पाकिटं मी फोडत नाही, टेबलाच्या खणात टाकते. नवरा म्हणतो, "हळूहळू होईल." त्याचं हे हळूहळू ऐकलं की मला रडू येतं, कारण तो खरंच थांबलाय.

पण पत्र त्यासाठी नाही लिहीत. परवा मुलीची मैत्रीण तिला खेळायला बोलवायला आली. मी आतल्या खोलीत होते, दार अर्धं उघडं. माझी मुलगी तिला हळूच म्हणाली, "आत नको येऊ. आमची आई नुसती झोपून असते." आवाजात राग नव्हता. घरात रंगकाम चालू आहे असं सांगावं तसं सांगितलं.

मी मात्र रागानं म्हटलं होतं. पंधरा वर्षांची होते. तुमची कंपनी बंद होऊन वर्ष झालं होतं आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचात. जिन्यात शेजारचे उभे होते, मी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "आमच्या बाबांना काही झालेलं नाही, त्यांना आळस झालाय." आणि अकरा वर्षांपूर्वी, आई गेली त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात, आत्यासमोर आणि दोन नर्ससमोर: "तुमच्या अंथरुणानं आईला खाल्लं." तुम्ही मान खाली घालून चपला शोधत होतात. चपला तुमच्या पायातच होत्या.

हे मी माफी मागायला लिहीत नाही. माफी मागायला अंगात बळ लागतं. मला फक्त एक विचारायचंय. तुम्ही तीन वर्षांनी उठलात. कसे उठलात?


२२ मार्च

बाबा,

पाच पानं. तुमचं अक्षर इतकं सरळ आहे हे मी विसरले होते.

"मी उठलो नाही. आधी नुसता उठून बसलो. बसायलाच दोन महिने लागले, उभं राहण्याचं त्यानंतरचं." हे वाचून मी अंथरुणातच हसले. सगळे मला चालायला, पळायला, पोहायला, पहाट बघायला सांगतात. नुसतं बस असं कोणी म्हणालं नव्हतं.

मग तिसरं पान आलं.

मला आठवतं, दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आई तुम्हाला घेऊन बसनं बाहेरगावी जायची. मला सांगायची, "बाबांच्या गुडघ्याचा डॉक्टर फार लांब बसतो." गुडघ्याच्या गोळ्या कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर. मला वाटायचं, गुडघा दुखतो तर माणूस भिंतीकडे तोंड का करतो? मी जाता-येता मुद्दाम तुमच्या पलंगाला धक्का द्यायचे, तुम्ही कळवळता का बघायला. तुम्ही कधी कळवळला नाहीत. तेव्हा माझी खात्रीच झाली की गुडघा ठणठणीत आहे आणि बाबा ढोंगी आहेत.

आणि आता तुम्ही लिहिता की तो मनाचा डॉक्टर होता. दोन वर्षं औषध चाललं. आईनंच बजावलं होतं की पोरीला कळू द्यायचं नाही, तिच्या शाळेत लोक काय म्हणतील, पुढे तिच्या लग्नात कोणी बोट दाखवेल. आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात मी ते वाक्य बोलले तेव्हा तिला जाऊन दोन तास झाले होते, म्हणून तुम्ही तिचा शब्द मोडला नाहीत. त्यानंतरही मोडला नाहीत. अकरा वर्षं.

मी दोन दिवस चिडलेली होते. आईवर चिडता येत नाही, ती नाही. तुमच्यावर चिडायचा माझा वाटा मी आधीच संपवून बसलेय. मग मी भांडी घासली. कढई आदळून आदळून घासली. नवरा कामावरून आला, ओट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि भांडी पुसायला लागला. सहा महिन्यांत मी पहिल्यांदा धड चिडले होते, बाबा, आणि त्यात बरं वाटलं.

काल मुलीला समोर बसवलं. म्हटलं, "माझ्या मनाला बरं नाहीये."

"ताप आहे?"

"नाही."

"मग कुठे दुखतं?"

"दुखत नाही. जड होतं. पाठीवर दप्तर घेऊनच झोपल्यासारखं."

तिनं विचार केला. "मग दप्तरातली पुस्तकं काढ ना."

"ती माझी मला काढता येत नाहीत. म्हणून डॉक्टरकडे जाणारे."

आज ती मैत्रीण पुन्हा आली. मी आतून कान लावून होते. "माझ्या आईला बरं नाहीये, ती औषध घेणारे," मुलगी म्हणाली. मैत्रीण म्हणाली, "बरं." आणि दोघी खेळायला गेल्या. एवढ्यासाठी आई शेवटपर्यंत आणि तुम्ही बावीस वर्षं तोंड शिवून बसलात.


१४ एप्रिल

बाबा,

डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान आहेत. मी आत गेले आणि काय होतंय विचारल्यावर दहा मिनिटं काही बोललेच नाही, कारण त्यांचा चष्मा नाकावर तिरका होता आणि माझं सगळं लक्ष तिकडे. शेवटी सांगून टाकलं. त्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला. मी डावी काडी अंगठ्यानं जराशी वाकवली. अंगठ्याला आठवत होतं. मग मात्र मी बोलले, पाऊण तास. त्यांनी गोळ्या दिल्या आहेत. फरक पडायला तीन-चार आठवडे लागतील म्हणाल्या, आणि दर आठवड्याला बोलायला यायचं.

तुम्ही सांगितलं तशी वही केली आहे. रोज एक ओळ, जे झालं तेवढंच. सोमवारी दात घासले. मंगळवारी काही नाही. बुधवारी मुलीची वेणी घातली, दोन्ही एका उंचीवर. गुरुवारी केस धुतले आणि त्यानंतर दोन तास झोपले, जसं काही डोंगर चढून आले. "आशा धर असं कोणी म्हणालं की मान डोलाव आणि दात घास," हे तुमचं वाक्य मी नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "सासरेबुवांना भेटायला हवं." त्याच्या तोंडून सासरेबुवा हा शब्द मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकला.

एक जागा आहे, मोठ्या रस्त्यावरच्या चष्म्याच्या दुकानात. परवा बोलावलंय. इस्त्रीचे कपडे काढून ठेवलेत. जास्त काही लिहीत नाही.

भिंगरी

(बघा, लिहून गेले. मला या नावानं हाक मारणारे तुम्ही एकटेच. घरभर गरगर फिरायचे म्हणून ठेवलं होतंत. आता पलंगावर भिंगरी, कोणाला सांगायची सोय नाही.)


२८ एप्रिल

बाबा,

वहीत बारा दिवस काही नाही.

दुकानात मला बिनकाठाच्या फ्रेममध्ये भिंग बसवायला दिलं. हे मी झोपेतही करायचे. स्क्रू आवळताना हात हलला आणि काचेचा कपचा उडाला. मॅनेजर पोरगेलासा होता, फार चांगलं वागला. "होतं असं," म्हणाला, "कळवतो आम्ही." मी चालत घरी आले आणि इस्त्रीच्या कपड्यांसकट पडले.

काल रस्ता ओलांडताना बाजूनं ट्रक येत होता. मी पाऊल मागे घेतलं नाही. पुढेही टाकलं नाही. मागच्या माणसानं दंड धरून ओढलं आणि म्हणाला, "बाई, लक्ष कुठाय?" लक्ष होतं.

हे नवऱ्याला कालच सांगितलं. डॉक्टरीणबाईंना फोन करून सांगितलं, त्यांनी आज लगेच बोलावलं, नवरा पाळी बदलून बरोबर आला. औषध वाढवलंय. एकटं राहायचं नाही असं ठरलंय, शेजारच्या शिक्षिका सकाळी येऊन बसणार आहेत. तुम्हाला सांगतेय कारण तुम्हाला समजावून सांगावं लागत नाही.

पत्र पोहोचेपर्यंत काळजी करू नका. म्हणजे, पोहोचल्यावर करू नका. मला नीट लिहिता येत नाहीये.


२७ मे

बाबा,

तुम्ही काल गेलात आणि आज मी पत्र लिहितेय. तीन आठवडे समोर बसलेल्या माणसाशी जे बोलता आलं नाही ते आता पोस्टाच्या पेटीत टाकणार आहे. आपल्या घराण्याची बोलण्याची रीतच उफराटी.

दार माझ्या मुलीनं उघडलं तेव्हा मी आत पडून होते. तिनं तुम्हाला विचारलेलं मला ऐकू आलं: "तुम्हीच का ते भिंतीकडे तोंड करून झोपणारे आजोबा?" हे मीच तिला सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "हो. आता उताणा झोपतो." ती म्हणाली, "या आत." बस. अकरा वर्षांचं भांडण तिनं चपला काढायला लागतो तेवढ्या वेळात मिटवलं.

मला वाटलं होतं, तुम्ही मला उठवायला आला आहात. पहिल्या सकाळी मी डोळे मिटून वाट बघत होते की आता उपदेश सुरू होईल. तुम्ही खुर्ची ओढलीत, खिडकीशी बसलात आणि पेपर वाचायला लागलात. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवसापासून मोठ्यानं वाचायला लागलात, तेसुद्धा बातम्या नाहीत, छोट्या जाहिराती. हरवलेला पोपट, निळा, फक्त शिव्या देतो, आणून देणाऱ्यास योग्य बक्षीस. पाचव्या दिवशी तुम्ही वाचलंत, "वापरलेला पियानो विकणे आहे, कारण शेजारी," आणि मी उठून बसले, कारण माझी खात्री होती की हे तुम्ही मनचं रचून सांगताय. पेपर हिसकावून बघितला. खरंच छापलं होतं. तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. फक्त म्हणालात, "चहा टाकू?"

तुमचा चहा पाकासारखा गोड असतो. सांगायचं राहिलं.

आणि तो खण. मी नको नको म्हणत असताना तुम्ही सगळी पाकिटं जेवणाच्या टेबलावर मांडलीत, तारखेप्रमाणे. म्हणालात, "मी फोडतो, तू वाच. वाचवेना तर मी वाचतो." सात नकार. दोन जाहिराती. आणि जानेवारीतलं ते एक, कालव्यापलीकडच्या जुन्या वर्कशॉपचं: जाड नंबरची भिंगं आम्ही अजून हातानंच घासतो, तुमचा अर्ज मिळाला, येऊन भेटा. ते वाचून मी जी रडले, तशी नोकरी गेली तेव्हाही रडले नव्हते. चार महिने ते पाकीट माझ्याच घरात, माझ्याच हातानं खणात टाकलेलं. मी म्हटलं, "बघा, माझ्या नशिबात नाहीच."

तुम्ही म्हणालात, "उत्तर लिही."

"चार महिने झाले बाबा."

"मी अकरा वर्षांनी आलेल्या पत्राला उत्तर लिहिलं," तुम्ही म्हणालात, आणि पेन शोधायला उठलात.

उत्तर मी लिहिलं. काय येईल ते येवो.

आता जे बोलायचं राहिलं ते. आई तुमच्या अंथरुणानं गेली नाही. तिला हृदयाचा विकार होता, डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, मी ते ऐकलंही होतं. पण कोणावर तरी टाकल्याशिवाय मला ते पेलवत नव्हतं, आणि तुम्ही समोर होतात. तुम्ही तीन वर्षं पडून होतात ते आजारानं, आणि त्यातूनही उठून तुम्ही पुन्हा कामाला लागलात, वाचनालयात पुस्तकं चिकटवण्याचं का होईना, हे मी बघूनही बघितलं नाही. मी तुम्हाला आळशी म्हटलं, ढोंगी म्हटलं, आणि नातीच्या जन्माचंही कळवलं नाही. माझं चुकलं बाबा. फार चुकलं. मला माफ करा असं लिहिते, पण घाईनं करू नका. सावकाश करा.

भिंगरी


३ जुलै

बाबा,

तुमची तिन्ही कार्डं मिळाली. मुलीनं ती स्वतःच्या भिंतीवर लावली आहेत, माझी म्हणून नाही, तिची म्हणून. तिला वेगळं लिहीत जा, नाहीतर घरात भांडणं होतील.

वर्कशॉपची जागा जानेवारीतच भरली होती. मला वाटलं होतंच. पण मालकीणबाईंनी फोन केला. साठीच्या आहेत, बोलणं फटकळ. म्हणाल्या, "चार महिन्यांनी उत्तर देणारी बाई कशी दिसते ते बघायचंय, ये." मी गेले. त्यांनी विचारलं, एवढे दिवस कुठे होतीस? वाटेत मी तीन थापा तयार केल्या होत्या. एकही सांगितली नाही. म्हटलं, आजारी होते, मनानं. अजून औषध चालू आहे. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि पुढ्यात एक भिंग ठेवलं. उणे चौदाचा नंबर. कड बोटाएवढी जाड, अशी काच मशीन घेतच नाही. "घास," म्हणाल्या.

हात हलला बाबा. पहिल्यांदा हलला. मी काच खाली ठेवली, तळवे मांडीवर दाबले, मनात शंभर मोजले आणि पुन्हा उचलली. पाऊण तास लागला. पूर्वी मला वीस मिनिटं लागायची. त्यांनी भिंग उजेडाकडे धरलं, फिरवून फिरवून पाहिलं. "वेळ जास्त लागतो तुला," म्हणाल्या, "पण काम स्वच्छ आहे."

त्यांची एक कारागीर दोन आठवड्यांपूर्वी बाळंतपणाच्या रजेवर गेली. तिच्या जागी मी, सहा महिने, आठवड्यातून चार सकाळी. पुढचं पुढे. नवऱ्यानं ऐकलं आणि फळीवरून माझा जुना डबा काढला. मग म्हणाला, "तुझा डबा मी भरेन." मी म्हटलं, तुझा तू गेले सात महिने भरतोच आहेस.

बरी झाले असं लिहीत नाही. गेल्या मंगळवारी पुन्हा तसंच झालं, ब्रश हातात आणि पुढे काही नाही. पण मी वर्कशॉपला फोन केला आणि खरं सांगितलं, आज सकाळ जमत नाहीये. मालकीणबाई म्हणाल्या, "मग दुपारी ये, काच कुठे पळून जाते?" दीडला गेले. वहीत लिहिलं, दीडला गेले.

नात विचारतेय, निळा पोपट सापडला का.

भिंगरी


१८ ऑगस्ट

बाबा,

तीन आठवडे तुमचं कार्ड नाही. मी आधी पोस्टाला दोष दिला, मग तुमच्या आळसाला (हा शब्द मी आता मस्करीतच वापरते, तेवढा हक्क द्या). काल आत्याला फोन केला. ती आधी म्हणाली, सगळं ठीक. तिचा 'ठीक' मला ओळखता येतो, मी स्वतः तोच लिहून पाठवला होता. मग सांगितलं तिनं. पंधरा दिवस झाले, तुम्ही वाचनालयात जात नाही. जेवता जेवत नाही. दिवसभर पडून. "तोंड कुठल्या बाजूला आहे?" मी विचारलं. "भिंतीकडे."

"असं काही झालंही नाही गं," ती म्हणाली. "कारण काहीच नाही." मी म्हटलं, आत्या, त्याला कारण लागतं असं कोण म्हणालं? तिला सांगितलं की डॉक्टरांना आजच फोन लाव, त्यांचं नाव आणि नंबर बाबांनीच मला मागच्या एका कार्डावर कळवलाय, आणि लोकांना काय सांगायचं याची चिंता करू नकोस. शेजारणीला खरं सांग. तिच्याही घरात कोणीतरी असेल.

फोन ठेवल्यावर मला वाटलं, आता मी घाबरेन. रात्री झोप लागणार नाही, सकाळी उठवणार नाही. डॉक्टरीणबाईंना विचारलं, मी जाऊ शकेन का, की तिथे जाऊन मीच त्यांच्या शेजारी आडवी होईन? त्या म्हणाल्या, जा, गोळ्या बरोबर ठेवा, आणि मला एक दिवसाआड फोन करा. मालकीणबाईंना सांगितलं, वडिलांचं मन आजारी आहे. त्या हातातलं काम थांबवून म्हणाल्या, "आठ दिवस पुरतील? की दहा?"

आणि खरं सांगू, मी घाबरले नाही. तुम्ही नसाल कदाचित मानत, पण तुम्ही तीन आठवडे माझ्या खिडकीशी बसलात त्याचं हे उरलेलं आहे. मला माहितीये की हे जातं. सावकाश जातं, पण जातं. आत्ता तुम्हाला ते खोटं वाटेल. वाटू द्या. तुमच्या वाटचं मी धरून ठेवते तोवर.

शनिवारी सकाळच्या गाडीनं मी आणि नात निघतोय. नवरा रविवारी पाळी संपवून येईल. ती तुम्हाला गणितं घालणार आहे, आणि एक छोटी उशी आणतेय, का ते विचारलं तर म्हणते, आजोबांना पाठीशी घेऊन आधी नुसतं बसायला. दुपारी दोनपर्यंत पोहोचू. सामान मी उचलेन, दार आत्या उघडेल, चहा माझ्या हातचा होईल, कमी साखरेचा.

तुम्ही उठायची घाई करू नका.

भिंगरी